पेल्यातला बिवळा

मधुमेहाच्या ओपीडीत केसपेपर, रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पिशवीबरोबर अधूनमधून एक लाकडी पेलाही टेबलावर येतो. कधी तो जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतलेला असतो, कधी मुलाने मोबाइलवरून मागवलेला असतो. वापरण्याची पद्धत सगळ्यांची एकच. रात्री पेल्यात पाणी भरून झाकून ठेवायचे आणि सकाळी अनशापोटी प्यायचे. रात्रभरात पाणी कोऱ्या चहासारखे होते. उन्हात धरले तर त्याच्या कडेला निळसर झाक दिसते, आणि ती दिसली की विश्वास बसतो. "बघा ना डॉक्टर, केवढा अर्क उतरतो!" असे कौतुकाने सांगितले जाते. मग जरा आवाज खाली आणून पुढचे वाक्य येते, "गोळ्या महिनाभर बंद ठेवल्यात. म्हटलं, आधी हे करून बघू."

हा पेला बिवळ्याचा. कुणी बिबळा म्हणते, विदर्भात तो बिजा, हिंदीत विजयसार किंवा बीजासाल, संस्कृतात असन, बीजक आणि पीतसार. शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. नावांचा एक घोळ आधीच सांगून ठेवलेला बरा. आपल्याकडे ज्याला असाणा म्हणतात ते वेगळेच झाड आहे, आणि हिंदी पट्ट्यात 'असन' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आपला ऐन येतो. बिब्ब्याशी तर बिवळ्याचा काहीही संबंध नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. तेव्हा नुसत्या नावावर भरवसा ठेवून झाडपाल्याचे औषध घेणाऱ्याने आधी झाड कोणते ते पाहावे.

बिवळा ओळखायला फार कठीण नाही. उंच, पानगळीच्या रानातले झाड. एका देठावर पाच ते सात पर्णिका, पिवळ्या सुगंधी फुलांचे घोस आणि गोल, चपट्या शेंगा. शेंगेच्या मध्यभागी बी आणि भोवती पापडासारखा पातळ पंख, त्यामुळे ती वाऱ्यावर गिरक्या घेत दूर जाते. टेरोकार्पस म्हणजे पंखवाले फळ. सालीवर कोयत्याचा घाव बसला की लालभडक रस पाझरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड रक्ताळले असेच वाटते. सह्याद्रीत, मेळघाटात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या रानांत हे झाड आहे. महाराष्ट्राबाहेर मध्य आणि दक्षिण भारतात, तसेच श्रीलंकेतही आहे.

औषध म्हणून शहरात त्याचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधीपासून सुतार त्याला ओळखत होते. सुकलेल्या बिवळ्याचे वजन घनमीटरला सुमारे ८०० किलो भरते. सागाचे साधारण ६५० असते. म्हणजे बिवळा सागाहून बराच जड आणि कणखर. वरची पांढरी फिकट आणि कमी टिकाऊ, पण आतला गाभा सोनेरी पिवळसर तपकिरी, त्यात गडद रेषा, आणि उघड्यावर राहिला की लालसर होत जाणारा. त्याच्या धाग्यांची वीण एकमेकांत गुंतलेली असते. एका बाजूने रंधा गुळगुळीत जातो आणि तोच हात उलट फिरवला की लाकूड उचकटते. एवढे सांभाळले तर खांब, तुळया, वासे, दारखिडक्यांच्या चौकटी, नांगर, बैलगाडीचे भाग अशा जोर सोसणाऱ्या कामांना हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. वाळवी त्याच्या गाभ्याला सहजी लागत नाही. खोड एकच, ती मात्र औषधाच्या दृष्टीने महत्त्वाची: ओल लागली की हे लाकूड पिवळा रंग सोडते. पांढऱ्या भिंतीला टेकलेली ओली तुळई चुन्यावर पिवळे डाग पाडते.

भिंतीवरचा डाग आणि पेल्यातले रंगीत पाणी ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत. झाड वाढते तशा खोडातल्या आतल्या पेशी मरत जातात. त्या मरण्यापूर्वी झाड त्यांत फिनॉल वर्गातली संयुगे भरून ठेवते. या मेलेल्या, भरलेल्या पेशींचा गाभा होतो. संयुगे बुरशीला आणि किड्यांना नकोशी असतात, म्हणून गाभा टिकतो आणि पांढरी कुजते. बिवळ्याच्या गाभ्यात टेरोस्टिल्बिन, मार्सुप्सिन, टेरोसुपिन अशी संयुगे सापडली आहेत. त्यांतली काही पाण्यात सहज उतरतात, काही फारशी उतरत नाहीत. झाडाने ती स्वतःच्या बचावासाठी केलेली असतात. माणसाच्या स्वादुपिंडाचा विचार त्यात नसतो, पण म्हणून ती माणसाला निरुपयोगीच असतील असेही नाही. कितीतरी खरी औषधे वनस्पतींच्या अशाच संरक्षक रसायनांतून मिळाली आहेत.

आता त्या निळ्या झाकेविषयी. ती खरी आहे. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात बीजकाची ओळख सांगताना त्याचा उल्लेख येतो, पाण्यात भिजवल्यावर पिवळे पाणी आणि त्यावर निळी प्रतिदीप्ती. सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण काही रेणू शोषतात आणि ती ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. या गुणाला 'फ्लोरेसन्स' हे नाव इंग्लंडच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दिले. पण लाकडाच्या पाण्यातला हा चमत्कार युरोपला त्याच्या तीनशे वर्षे आधीच भुलवून गेला होता. स्पेनमधल्या सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५६५ मध्ये मेक्सिकोहून येणाऱ्या एका लाकडाचे वर्णन केले. ते पाण्यात ठेवले की पाणी निळे दिसते आणि ते पाणी मूत्रपिंडाच्या व लघवीच्या तक्रारींवर प्यायले जाते, असे त्यांनी लिहिले. लाकडाचे नावच पडले 'मूत्रपिंडाचे लाकूड'. त्याचे पेले कोरले जात, राजेरजवाड्यांना नजराणा म्हणून दिले जात. अथानासियस किर्चर या जेझुइट विद्वानाने असा एक पेला सम्राटाला भेट दिला. रॉबर्ट बॉइल यांनी त्या पाण्यात आम्ल टाकले की निळाई जाते आणि क्षार टाकला की परत येते, हे दाखवले. आणि हे लाकूड कोणत्या झाडाचे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडा झाला की या नावाखाली दोन झाडांचे लाकूड खपत होते. एक मेक्सिकोतले, दुसरे फिलिपिन्समधले. फिलिपिन्समधले झाड म्हणजे टेरोकार्पस इंडिकस, आपल्या बिवळ्याचा सख्खा भाऊ.

त्या पेल्यांनी कुणाचे मूत्रपिंड बरे झाल्याचा पुरावा नाही. आज ते लाकूड वैद्यकशास्त्रात नाही, भौतिकशास्त्राच्या इतिहासात आहे. पाण्याला रंग आला याचा अर्थ लाकडातले काहीतरी पाण्यात उतरले, एवढाच होतो. ते काय आहे, किती आहे आणि शरीरात गेल्यावर काय करते, यातले काहीही रंग सांगत नाही.

बिवळ्याचा लाल डिंक मात्र एके काळी ब्रिटिश औषधकोशात 'कायनो' या नावाने अधिकृतपणे होता. मलबारहून तो निर्यात होई. तो अतिशय तुरट, टॅनिनने भरलेला. जुलाबावर पोटात आणि घसा धरल्यावर गुळण्यांसाठी तो देत असत. जुलाबात प्राण जातो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्याने, हे नीट उमजल्यावर आणि मीठ-साखरेच्या पाण्याचे महत्त्व कळल्यावर कायनो मागे पडला. त्याबद्दल फारशी हळहळ करण्याचे कारण नाही.

मधुमेहाचे काय? वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वनस्पतींच्या एका गटाचे नावच 'असनादि गण' आहे. प्रमेह, मेद आणि त्वचारोग यांवर तो सांगितला आहे. म्हणजे हा संबंध कुणा विक्रेत्याने काल जोडलेला नाही. पण त्या गणात असनाबरोबर वीसहून अधिक इतर वनस्पती आहेत, आणि जुन्या पद्धतीत मुख्यतः काढा आहे, म्हणजे मोजून घेतलेले द्रव्य, मोजून घेतलेल्या पाण्यात आटवलेले. थंड पाण्याने भरून ठेवलेल्या पेल्याला त्या परंपरेचा आधार द्यायचा तर तो फार सैलपणे द्यावा लागतो.

आधुनिक संशोधनात बिवळ्याची गोष्ट एका मोठ्या आशेने सुरू झाली. १९८०च्या सुमारास बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी बिवळ्याच्या सालीतले एपिकॅटेचिन हे संयुग मधुमेही उंदरांना दिले आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या नष्ट झालेल्या बीटा पेशी पुन्हा वाढल्याचे सांगितले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात हे छापून आले. खरे ठरले असते तर मधुमेहाचा इतिहासच बदलला असता, कारण बीटा पेशी परत आणणे हे आजही वैद्यकाला साधलेले नाही. इतर देशांतल्या प्रयोगशाळांनी लगेच तोच प्रयोग करून पाहिला. त्यांच्या उंदरांना फायदा दिसला नाही, आणि दोन-चार वर्षांतच ती आशा मावळली. विज्ञानात असे होते, त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. पण 'बीटा पेशी पुन्हा तयार होतात' हे वाक्य मात्र पेल्याच्या जाहिरातीत आजही जिवंत आहे.

पुढे १९९७ मध्ये गाभ्यातल्या टेरोस्टिल्बिन आणि मार्सुप्सिन या संयुगांनी मधुमेही उंदरांची साखर कमी झाल्याचे दिसले. माणसांवरचा महत्त्वाचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने मधुमेह कळलेल्या, इन्सुलिनची गरज नसलेल्या ९७ रुग्णांना बारा आठवडे विजयसार दिले. मात्रा दिवसाला २ ग्रॅमपासून ४ ग्रॅमपर्यंत, गरजेप्रमाणे वाढवत नेलेली. बारा आठवड्यांनी ६७ जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची, रक्तशर्करा आटोक्यात आली. उपाशीपोटीची सरासरी १५१ होती, ती ३२ने उतरली. जेवणानंतरची २१६ होती, ती ४५ने उतरली. दुष्परिणाम नोंदले गेले नाहीत.

आकडे चांगले आहेत, नाकारण्याचे कारण नाही. पण याच अभ्यासातला एक आकडा जाहिरातीत कधीच दिसत नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी सरासरी ९.८ टक्के होती, ती ९.४ झाली. बहुतेक रुग्णांसाठी उद्दिष्ट ७च्या आसपास असते. ९.४ असलेल्या माणसाला ओपीडीतले डॉक्टर शाबासकी देत नाहीत, गोळ्या वाढवतात. शिवाय या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुकताच मधुमेह कळलेला माणूस पहिल्या तीन महिन्यांत चहातली साखर सोडतो आणि पहाटे उठून चालायला लागतो. त्याने किती फरक पडला आणि औषधाने किती, हे अशा अभ्यासात वेगळे काढता येत नाही. २००५ मध्ये विजयसारची टॉल्ब्युटामाइड या गोळीशी तुलना करणारा, अधिक काटेकोर अभ्यासही प्रसिद्ध झाला आणि त्यात विजयसार फारसे मागे पडले नाही. मात्र टॉल्ब्युटामाइड ही जुन्या पिढीतली गोळी आहे, आज क्वचितच लिहून दिली जाते. हे दोन्ही अभ्यास नव्या रुग्णांवरचे होते. दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेल्या, इन्सुलिनवर असलेल्या किंवा मूत्रपिंडापर्यंत आजार पोचलेल्या माणसाला त्यातून काहीच उत्तर मिळत नाही. गरोदर स्त्रियांना तर मुळीच नाही.

आणि हे सारे औषध वजन करून दिलेले होते. पेल्याचे तसे नाही. नवा पेला पहिल्या आठवड्यात गडद पाणी देतो, चौथ्या आठवड्यात फिके. एक पेला जुन्या झाडाच्या भरगच्च गाभ्याचा, दुसऱ्यात अर्धी पांढरी. एकाच्या घरी पाणी बोअरचे, जड, दुसऱ्याच्या घरी नळाचे. रात्री आठला भरणारा आणि बाराला भरणारा यांचेही सारखे नाही. रोज वेगळी मात्रा मिळणाऱ्या औषधावर साखरेसारखी तासातासाला बदलणारी गोष्ट सोपवणे धोक्याचे. शिवाय पेला बिवळ्याचाच आहे की दुसऱ्या कुठल्या रंग सोडणाऱ्या लाकडाचा, हे घरी कळायला मार्ग नाही. सतत ओल्या राहणाऱ्या लाकडाच्या तळाशी बुरशी धरते, ती काळी किनार पुष्कळ पेल्यांत दिसते.

धोका पाण्यात फारसा नाही, गोळ्या बंद करण्यात आहे. टाइप २ मधुमेहात गोळ्या अचानक थांबवल्या तर साखर काही दिवसांत चढते, पण माणसाला लगेच काही जाणवत नाही. उलट गोळ्यांचा त्रास गेला म्हणून बरेच वाटते. जाणवते तेव्हा पायाची जखम चिघळलेली असते, नाहीतर डोळ्यांसमोर धूसर झालेले असते. टाइप १ मधुमेहात मात्र वेळ महिन्यांची नसते, दिवसांची असते, कधी काही तासांचीही. या मुलांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळपास नसतेच. इन्सुलिन थांबले की शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साठून ते आम्लधर्मी होते. पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो, श्वासाला कुजत आलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. घरच्यांना वाटते, पित्त झाले. असे मूल अतिदक्षता विभागात येते तेव्हा शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने दिलेल्या सल्ल्याचा उल्लेख बराच उशिरा, चाचरत केला जातो. इन्सुलिनची कुपी घरच्या फ्रिजच्या दारात तशीच असते.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांतल्या अनेकांना 'केमिकल'ची भीती वाटते, आणि ती सरसकट हसण्यावारी नेऊ नये. आयुष्यभर गोळ्या म्हटले की कुणालाही धसका बसतो. पण एक गोष्ट सांगायला हवी. जगात मधुमेहाची सर्वाधिक वापरली जाणारी गोळी, मेटफॉर्मिन, हिचा उगमही एका वनस्पतीत आहे. गलेगा नावाचे युरोपातले झुडूप, बिवळ्याच्याच कुळातले, शेंगा धरणारे. त्यातले गलेगिन साखर उतरवत असे, पण विषारी होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जवळचे, सुरक्षित रेणू तयार केले. त्यांतले एक फ्रेंच डॉक्टर झाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा निसर्ग एकीकडे आणि गोळी दुसरीकडे अशी वाटणी खरी नाही. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर लिहिलेले असते, पेल्यावर नसते, एवढाच तो फरक.

या सगळ्यात झाडाचे काय होते, याकडे कुणाचे लक्ष नसते. पान किंवा फळ लागणारे औषध असेल तर झाड उभे राहते. गाभा हवा असेल तर झाड पाडावेच लागते, आणि जाड गाभा व्हायला झाडाला अनेक दशके लागतात. शेंगेचे कवच कठीण, बियांची उगवण कमी, कोवळी पाने गुरांच्या आवडीची. बिवळा आययूसीएनच्या लाल यादीत 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत बिजाचे नाव साग, चंदन, खैर यांच्या बरोबरीने आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातला बिवळासुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. या लाकडाची चौकट दोन-तीन पिढ्या टिकते. पेल्याचा रंग महिना-दीड महिन्यात उतरेनासा होतो आणि विक्रेता नवा घ्यायला सांगतो.

पेले कातणाऱ्यांविषयीही दोन शब्द. कठीण लाकूड कातताना, घासताना बारीक भुकटी उडते. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले. विशेषतः कठीण लाकडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांत नाकाचा आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग जास्त आढळतो. दमा आणि त्वचेची खाज तर त्याहून कितीतरी अधिक. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येणे, एकच बाजू सतत चोंदलेली राहणे याकडे सुताराने सर्दी म्हणून दुर्लक्ष करू नये. तोंडावर नुसता गमछा बांधून ही भुकटी अडत नाही, चांगला धूळरोधक मास्क लागतो.

पेला घेऊन आलेल्या माणसाला ओपीडीत रागावून उपयोग नसतो. रागावले तर पेला पिशवीतून बाहेर येणे बंद होते, पिणे नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर सरळ विचारतात, "काका, गोळ्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत?" त्याच दिवशी साखर तपासली जाते, उलट्या किंवा धाप असेल तर लघवीतले कीटोनही. गोळ्या परत सुरू होतात. पेल्याचे पाणी प्यायचेच असेल तर गोळ्यांबरोबर, आणि तेही डॉक्टरांना सांगून, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र झाला तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. अशा वेळी आधी साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा आणि मग दवाखाना गाठायचा. दोन आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांनी एचबीएवनसी. केसपेपरवर गोळ्यांच्या नावांखाली आणखी एक ओळ लिहिली जाते: बिवळ्याचा पेला, रोज सकाळी, अमुक तारखेपासून.